कानावर पोट भरतें काय ?

आमचे एक स्नेही परवां मोठ्या काळजींत येऊन म्हणाले, "चिरंजीवांनीं ध्वनिमुद्रणाचें शिक्षण घेतलें. आतां म्हणतात, नोकरी नको, स्वतंत्रपणें कामें करीन. घरांत आठ माणसें. याचें निभावें कसें?" हा प्रश्न आज एकाच घरांतला नाहीं, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

हा छंद नव्हे, विद्या आहे. पुण्यास 'प्रभात'च्या जागेंत १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथें ध्वनिमुद्रण शिकलेले रसूल पूकुट्टी २००९ सालीं ऑस्कर पारितोषिकाचे मानकरी झाले. २००१ सालच्या 'लगान'मध्यें संवाद चित्रीकरणाच्या जागींच टिपले होते. या पद्धतींत मुख्य ध्वनिमुद्रकाबरोबर काठीला लावलेला माईक नटांच्या डोक्यावर धरणारा साहाय्यकही लागतो. नवशिक्याचा प्रवेश बहुधा याच दारानें होतो.

मात्र हें काम जाहिराती पाहून क्वचितच मिळतें. एखादा ध्वनिमुद्रक दुसरीकडे गुंतला, कीं तो आपल्या विश्वासांतल्या साहाय्यकाचें नांव सुचवितो. तें नांव आपलें व्हावें, यासाठीं आरंभीं विद्यार्थ्यांचे लघुपट, नाट्यप्रयोग, मैफली, जें मिळेल तें नेटकें करावें. वेळेपूर्वीं हजर असावें. दृश्य संपल्यावर सर्वांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट टिपावा. पुढें संवादांचे तुकडे जोडतांना तोच उपयोगी पडतो. मुद्रणाच्या दोन प्रती झाल्याखेरीज घरीं परतूं नये. मोबदला, कामाचे तास आणि पैसे मिळण्याची मुदत आधीं लेखी ठरवावी. महागडीं यंत्रें कर्जानें घेण्यापेक्षां प्रथम भाड्यानें आणावीं. मुंबईच्या चित्रपटांत काम करावयाचें, तर तेथील ध्वनितंत्रज्ञांच्या संघटनेच्या सभासदत्वाची चौकशी करावी.

उरली घरची मंडळी. त्यांनीं दोन वर्षांची मुदत द्यावी आणि "नोकरीचें काय ?" हें रोज विचारूं नये. हिशेबाची वही मात्र दरमहा पाहावी. भरल्या महिन्याच्या पैशांतून रिकाम्या महिन्याची तरतूद करण्याची संवय लागली नाहीं, तर उत्तम कारागीरही या धंद्यांत टिकत नाहीं.

आमचे स्नेही हंसून म्हणाले, "तो मुद्रण करूं लागला, कीं घरांतला पंखा बंद करावा लागतो आणि कुकरही थांबवावा लागतो !"

तेवढें आनंदानें करावें. हातीं वशिला नसलेल्या घरानें मुलाला देण्याजोगें हें मोठें साहाय्य आहे.