शाळा नवी कशाने होते?

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की गुलमंडीपासून औरंगपुऱ्यापर्यंतच्या रस्त्याने चालणे कठीण होते. वह्या, पुस्तके, दप्तरे आणि गणवेश यांच्या खरेदीसाठी आईबाप मुलांचा हात धरून या दुकानातून त्या दुकानात हिंडत असतात, आणि ओळखीचे कोणी भेटले की पहिला प्रश्न असतो, मुलाला कोणत्या शाळेत घातले? अलीकडे या प्रश्नाच्या उत्तरात एक नवा अभिमान डोकावू लागला आहे. आमच्या मुलाची शाळा प्रयोगशील आहे, तेथे कृतीतून शिक्षण देतात, प्रत्येक वर्गात पडदा आहे, असे सांगितले जाते आणि मग ओघानेच फीचा आकडा येतो. शिक्षणाच्या नव्या वाटांविषयी सुशिक्षित समाजात आस्था निर्माण व्हावी, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु शाळा नवी कशाने होते आणि ते नवेपण कोणासाठी असते, या दोन प्रश्नांचा विचार त्या आस्थेबरोबर होताना दिसत नाही. म्हणूनच आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

महाराष्ट्रात नव्या शिक्षणाचा जो सर्वांत मोठा प्रयोग झाला, तो श्रीमंतांच्या वस्तीत झाला नाही. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. माँटेसरीबाईंच्या पद्धतीची साधने महाग होती आणि ज्या मुलांसाठी हा खटाटोप मांडला, ती शाळेपर्यंत येत नव्हती. तेव्हा या दोघींनी शंख, शिंपले, बिया आणि खडे यांतून साधने उभी केली, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून जन्माला आला. पुढे १९५७ साली त्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेल्या. मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा कुरणावर गेली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडीचेच. एका खेड्यात दोन बाईंनी केलेला प्रयोग देशाच्या व्यवहारातला शब्द झाला, याचे कारण तो कोणालाही कोठेही करता येण्यासारखा होता.

हाच धागा पुढेही दिसतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि शाळेने नापास ठरविलेल्या मुलांच्या हातांत हत्यारे दिली. वीजजोडणी, बांधकाम, शेती ही कामे करता करता त्यांतले विज्ञान मुलांना समजू लागले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले, तेही मराठी माध्यमाचे. या सर्वांच्या कार्याचे मर्म एकच आहे. त्यांनी अगोदर मुलाकडे पाहिले आणि मग शाळा कशी असावी ते ठरविले. इमारत, यंत्रे आणि नावाची पाटी यांचा क्रम त्यानंतरचा.

मराठवाड्याला तर हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गुलमंडीपासून हाकेच्या अंतरावर असलेली सरस्वती भुवन ही संस्था १९१५ साली, निजामी राजवटीत, सुरू झाली. तीनच वर्षांनी स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक विद्या उर्दू माध्यमातून शिकविण्याचे धाडस केले. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते हे त्याने सिद्ध केले खरे. परंतु या भागातील मराठी, कानडी, तेलुगू मुलांची भाषा मात्र उंबरठ्याबाहेरच राहिली. अशा काळात मराठीतून शाळा चालविणे हाच एक प्रयोग होता. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईस शिक्षक होते, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या शाळांपाशी वैभव नव्हते. शाळा ही आपली आहे असे मानणारा समाज मात्र त्यांच्या पाठीशी उभा होता.

आजही अशी उदाहरणे आमच्याच जिल्ह्यात घडतात. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, तुम्हांला कोणती परकी भाषा शिकावीशी वाटते? पुष्कळ मुलांनी जपानी असे उत्तर दिले. का, तर त्यांना यंत्रमानवांची आणि तंत्रज्ञानाची ओढ होती. शिकविणारा कोणी नव्हता, पुस्तके नव्हती, गावाला धड रस्ताही नव्हता. शिक्षकांनी इंटरनेटवरून साहित्य जमविले आणि पुढे शहरातील एका जाणकाराने मोबदला न घेता दुरून शिकवणी सुरू केली. जपानी भाषा प्रत्येक गावात शिकवावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मुलांना विचारले गेले आणि त्यांच्या उत्तराचा मान राखला गेला, यात आम्हांला या घटनेचे महत्त्व वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. पालक म्हणतील, आमचा मुलगा उद्या स्पर्धेत उतरणार. त्याला इंग्रजी आले पाहिजे, गणित आले पाहिजे. तुमच्या प्रयोगासाठी त्याची वर्षे आम्ही का पणाला लावावी? या भीतीची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. ज्या शाळेत मूल आनंदी असते पण पाचवीतही त्याला सरळ वाचता येत नाही, ती शाळा नवी नव्हे, हलगर्जी आहे. नव्या पद्धतीने वाचन, लेखन आणि गणित ही जुन्याहून पक्की करून दाखविलीच पाहिजेत. परंतु हीच कसोटी मोठ्या फीच्या शाळांनाही लावा. आपल्या पाल्याने आज वर्गात कोणता प्रश्न विचारला, चूक झाली तेव्हा त्याला काय सांगितले गेले, आणि जे शिकला ते त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते काय, एवढे तरी पालकांनी विचारावे. फीच्या पावतीवर याची उत्तरे मिळत नाहीत.

आमची खरी चिंता याहून गंभीर आहे. आम्ही सुशिक्षित मंडळींनी महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून आपली मुले काढून घेतली, आणि मुलांबरोबर आपले लक्षही काढून घेतले. आता तेथे एखादा शिक्षक जीव ओतून काही नवे करतो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, आणि त्याची बदली झाली की प्रयोग संपतो. तो टिकवावा असे म्हणणारा, अधिकाऱ्याकडे जाऊन बसणारा समाज तेथे उरलेला नाही. नवे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरते राहिले तर ते एक चैनीची वस्तू होईल आणि ताराबाईंनी जे अंगणापर्यंत नेले, ते आम्ही पुन्हा कुंपणाआड बंद केले असे होईल.

उपाय आमच्या हाताबाहेरचे नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या स्थापन केल्या, त्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. या समित्या पुष्कळ ठिकाणी केवळ सह्यांपुरत्या उरल्या आहेत. त्यांना जाग आणण्याचे काम शहरातील वकील, प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी यांना पालक नसतानाही करता येईल. त्याच कायद्याने जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामे शिक्षकांस सांगण्यास मनाई केली आहे. ती पाळली जाते काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. शिक्षकाचा वेळ कागद भरण्यात गेला तर मुलाकडे पाहण्यास त्याच्यापाशी काय उरणार? आणि जेथे प्रयोग यशस्वी झाला आहे तेथे बदलीपूर्वी दुसरा शिक्षक तयार करण्याची सोय झाली पाहिजे, अशी आमची शिक्षणखात्यास स्पष्ट सूचना आहे.

वाचकांपुढे एक साधी विनंती ठेवून आम्ही हा लेख संपवितो. या महिन्यात वह्यांच्या खरेदीसाठी गुलमंडीत याल, तेव्हा परतताना आपल्या घरापासून जवळची महापालिकेची शाळा कोठे आहे ते पाहून ठेवा, आणि एकदा तिच्या वर्गात जाऊन बसा. आपले मूल तेथे शिकत नसेल. परंतु ज्यांच्याबरोबर त्याला उद्या या शहरात राहावयाचे आहे, ती मुले तेथेच शिकत आहेत.