विश्लेषण : विषाणू पुण्याचा, लस हैदराबादची, जैवतंत्रज्ञानाचे ‘क्लस्टर’ घडतात कसे?

करोनाकाळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) विषाणू वेगळा केला. त्यापासून ‘कोव्हॅक्सिन’ तयार झाली ती मात्र हैदराबादच्या भारत बायोटेकमध्ये. ‘कोविशिल्ड’ची निर्मिती पुण्याच्या सीरममध्ये झाली. ३ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही लशींना एकाच दिवशी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. देशाची लसनिर्मिती या दोन-तीन शहरांभोवतीच का एकवटली?

हैदराबादला काय जमले?

‘जिनोम व्हॅली’ची घोषणा १९९९ मध्ये चंद्राबाबू नायडू यांच्या काळात झाली. पण तिची मुळे त्याआधीची आहेत. साठच्या दशकात केंद्र सरकारने आयडीपीएल हा औषधनिर्मितीचा सार्वजनिक उद्योग हैदराबादेत आणला. तेथे काम केलेले अंजी रेड्डी यांनी पुढे १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन केली. शिवाय सीसीएमबी आणि आयआयसीटी या संशोधन संस्था शहरात होत्याच. १९९३ मध्ये सुरू झालेल्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हेपॅटायटिस-बीची देशी लस आणली आणि आयात लशीचा भाव खाली आणला. भारत बायोटेक १९९६ ची. म्हणजे सरकारने फलक लावला, तेव्हा माणसे आणि कंपन्या तेथे आधीपासून होत्या. जागा, रस्ते आणि भाड्याने मिळणाऱ्या प्रयोगशाळा यांची जोड सरकारने नंतर दिली. अनेक राज्यांची ‘बायोटेक पार्क’ याच्या उलट क्रमाने गेली, म्हणजे आधी भूखंड आणि मग उद्योगाची वाट पाहणे.

कंपन्या एकमेकींजवळ का जातात?

लस किंवा जैविक औषध बनवणाऱ्या कंपनीला फर्मेंटर चालवणारे तंत्रज्ञ, प्राण्यांवरील चाचणीची सोय, शीतसाखळी आणि नियामकाची कागदपत्रे समजणारी माणसे लागतात. ही माणसे एका कंपनीतून दुसरीत जातात, तेव्हा अनुभवही सोबत जातो. एकट्या कंपनीला हे सगळे स्वतःच्या आवारात उभे करणे परवडत नाही.

महाराष्ट्र मागे आहे का?

तसे म्हणता येणार नाही. सीरम १९६६ पासून पुण्यात आहे. एनसीएल, एनसीसीएस, एनआयव्ही या संस्था आणि एनसीएलच्या आवारातील व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांचे केंद्र तेथेच आहे. हिंजवडीच्या जेनोव्हाने विकसित केलेल्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. राज्याचे जैवतंत्रज्ञान धोरण तर २००१ चे आहे. तरीही पुण्यात प्रत्येक जण आपापल्या कुंपणात आहे आणि मुंबईची १८९९ ची हाफकिन संस्था या साखळीत जवळजवळ नाहीच.

जालन्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि तिच्याभोवती बियाणे कंपन्यांचे जाळे उभे राहिले. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली आणि पुढे शेतातील चाचण्यांसाठी राज्यांची संमती लागू लागली. स्थगितीमागचे आक्षेप खोडसाळ नव्हते. पण निर्णय ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, असा लोंबकळत राहिला की संशोधनावर पैसा घालायला कोणी धजत नाही.

किंमत कोण मोजते?

हैदराबादजवळच्या पटानचेरू परिसरात औषध कारखान्यांच्या सांडपाण्याने तलाव आणि विहिरी नासल्या. गावकऱ्यांना न्यायालयात जावे लागले. क्लस्टर म्हणजे सांडपाणीही एकाच जागी. औद्योगिक वसाहत आखताना याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला, तर पुढचे खटले टळतात.

आता पुढे काय?

सरकारी आकडेवारीनुसार देशाची जैव-अर्थव्यवस्था २०१४ मधील सुमारे १० अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये १६५ अब्ज डॉलरवर गेली; २०३० चे लक्ष्य ३०० अब्ज आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई-३’ धोरण मंजूर केले. त्यात जैवनिर्मिती केंद्रांची तरतूद आहे. नवउद्योग अडतो तो प्रयोगशाळेतील काही लिटरवरून हजार लिटरवर जाताना. ही मधली यंत्रणा महाग असते आणि पहिली काही वर्षे पुरेशी वापरलीही जात नाही, म्हणून खासगी गुंतवणूकदार तिच्यापासून दूर राहतात. अशी सामायिक सोय ज्या शहरात आधी होईल, तेथे बीएस्सी-एमएस्सी बायोटेक झालेल्या मुलांना विक्री प्रतिनिधीच्या नोकरीपलीकडचे काम मिळण्याची शक्यता अधिक.