खदानीचा मालक गावाला भेटतो कधी?

धाराशिव जिल्ह्यात कोळसा निघत नाही, लोहखनिज निघत नाही. त्यामुळे खाणउद्योग म्हटला की आपली नजर चंद्रपूर-गडचिरोलीकडे, फार तर गोव्याकडे वळते. पण बालाघाटच्या रांगेतून कुठल्याही दिशेने गाडी काढा. उभा कापलेला डोंगर, धुळीने पांढरी पडलेली बाभळ आणि खडी क्रशरचा तिरका पट्टा दिसल्याशिवाय राहत नाही. काळा दगड, मुरूम आणि वाळू ही इथली खनिजे. कायद्यात ती ‘गौण’. केंद्राच्या 1957 च्या कायद्याने त्यांचे नियम करण्याचे काम राज्यांवर सोपवले, राज्याने 2013 मध्ये ते केले, आणि रोजचा कारभार जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज शाखेपासून गावच्या तलाठ्यापर्यंत येऊन ठेपला.

मागणी मात्र मुळीच गौण नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे 98 किलोमीटरच्या चौपदरी महामार्गाचे लोकार्पण 9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात झाले. त्याच मार्गावर तुळजापूरला जोडणारी सुमारे 84 किलोमीटरची रेल्वे हाती घेतली गेली. पवनार ते पत्रादेवी हा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, त्याच्या आखणीतही हा जिल्हा आहे. आई तुळजाभवानीच्या गावाला रेल्वे यावी ही मागणी जुनी आणि रास्तच आहे. पण एवढ्या भरावाचा मुरूम आणि रुळांखालची खडी कुठल्या तरी शिवारातूनच येणार, आणि त्या शिवाराच्या कडेला कोणाचे तरी घर, कोणाची तरी विहीर असणार. रस्त्याच्या उद्घाटनाला सगळे हजर असतात. खदानीच्या शेजाऱ्याशी बोलायला कोण जाते?

मोठ्या खाण कंपनीला निदान एक चेहरा असतो. तिच्या दारात मोर्चा नेता येतो, तिच्या वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. इथे पट्टा एकाच्या नावावर, क्रशर दुसऱ्याचा, पोकलेन भाड्याचे, आणि हायवा-टिपर गावातल्याच चार-दोन वजनदार मंडळींचे. त्यातला एखादा ग्रामपंचायतीत सदस्य असला तरी कोणाला नवल वाटत नाही. तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याची गाठ पडते ती ड्रायव्हरशी. तो म्हणतो, मालकाला विचारा. मालक सोलापुरात किंवा पुण्यात. मग गडी तहसीलला अर्ज देतो आणि अर्ज चौकशीवर जातो. खरे तर सुरुंग लावणारी दगडखाण, आकाराने कितीही लहान असो, खाण सुरक्षेच्या कायद्याखाली येते. 1952 च्या खाण कायद्यापासून चालत आलेली रीत अशी की प्रत्येक खाणीला जबाबदार व्यवस्थापक हवा आणि सुरुंग प्रमाणपत्रधारकानेच उडवावा. त्या व्यवस्थापकाचे नाव खदानीला लागून असलेल्या गावात किती जणांना सांगता येईल?

सुरुंगाचा प्रश्न या जिल्ह्यात निराळा आहे. दुपार कलली की शिट्टी होते, लाल झेंडा हलतो, रस्त्यावरची मोटारसायकल थांबवली जाते. आधी जमीन हलते, मग आवाज येतो. फळीवरची भांडी वाजतात, पत्र्यावर बारीक खडे पडतात आणि जुन्या माणसांची पावले आपोआप अंगणाकडे वळतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीबरोबर लोहारा-उमरग्याचा भागही उद्ध्वस्त झाला; सास्तूरसारखी गावे दुसऱ्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या भिंतींखाली माणसे गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ‘हा भूकंप नव्हे, ब्लास्टिंग आहे’ असे सांगून भागत नाही. ते आधी सांगावे लागते.

भिंतीला तडा सुरुंगाने गेला की काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने, हा वाद तोंडी कधीच मिटत नाही. पण तो मोजमापाने मिटवता येतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्येच हादऱ्याच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. मालकीबाहेरच्या राहत्या घरांसाठी, कंपनाच्या वारंवारतेनुसार, सेकंदाला 5 ते 15 मिलिमीटर. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी 2 ते 10. नळदुर्गचा किल्ला, परंड्याचा किल्ला, तेरची प्राचीन मंदिरे आणि धाराशिव लेणी ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा दुसरा आकडा प्रत्येक तहसील कार्यालयाला तोंडपाठ असायला हवा. हादरा मोजणारे यंत्र मिळते आणि ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवता येते. सरपंचासमोर यंत्राचा कागद निघाला की निम्मी भांडणे तिथेच संपतील. आणि उरलेल्या निम्म्यांत गाव खरे ठरले, तर सुरुंगातली दारू कमी करावी लागेल. पट्टेदारांना हे यंत्र नको असते ते बहुधा याच दुसऱ्या शक्यतेपायी.

मुरमाचे दुखणे याहून खोल आहे, पण त्यावर फारसे बोलले जात नाही. आपला सगळा भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. इथली कुठलीही विहीर उतरताना आधी माती लागते, मग मुरूम, मग फुटका दगड. पाझर फुटतो तो याच दोन थरांच्या आसपास. म्हणजे ठेकेदार ज्याला भराव समजून उचलतो, तो शेतकऱ्याच्या पाण्याचा साठा असतो. टेकडी खरवडून नेली की त्या उन्हाळ्यात काही कळत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी खालची विहीर लवकर तळ गाठू लागते, आणि तोवर पट्ट्याची मुदत संपून यंत्रे दुसऱ्या गावाला गेलेली असतात.

वाळूचेही तेच. सीना, मांजरा, तेरणा या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या दिसतात. पाणी असते ते वाळूच्या पोटात, आणि काठच्या विहिरी त्यावर जगतात. 2016 मध्ये मांजरा धरण आटले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा पाण्याचा हिशेब सगळ्यांनी मांडला. नदीतल्या वाळूचा हिशेब त्यात कोणी धरला नाही.

सरकारने या विषयात धोरणे कमी केली असे म्हणता येणार नाही. 2019, 2022, 2023, 2025 अशी वाळूधोरणे एकामागून एक आली. 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा झाली; 2025 मध्ये पुन्हा लिलाव आले, घरकुलाला 5 ब्रास मोफत आणि सोबत कृत्रिम वाळूला प्रोत्साहन. पावसाळ्यात 10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद, एरवीही सूर्य मावळल्यावर बंद, सक्शन पंपाला मनाई. दंडाची तरतूद बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत, आणि वाळूतस्कराला स्थानबद्धही करता येते. कायद्याला दात भरपूर आहेत. पण रात्री नदीपात्रात उभा राहतो तो एकटा तलाठी नाहीतर मंडळ अधिकारी, आणि समोरच्या टिपरमागे कोण आहे हे त्याला ठाऊक असते. कृत्रिम वाळूने नदी वाचेल हे खरे, पण ती वाळूही दगड भरडूनच तयार होते. नदीवरचा भार डोंगरावर जाणार असेल, तर डोंगराखालच्या गावाला आधी विचारायला हवे.

परंड्याला लागूनच असलेल्या माढा तालुक्यातल्या कुर्डूत 2025 च्या ऑगस्टअखेर काय घडले ते राज्याने मोबाइलवर पाहिले. मुरूम उपसा थांबवायला गेलेल्या पोलीस उपअधीक्षक अंजना कृष्णा यांच्या हातात एका कार्यकर्त्याने फोन दिला. पलीकडे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार होते. पुढे त्यांनी कारवाईत हस्तक्षेपाचा हेतू नव्हता असा खुलासा केला. मुरूम गावच्या रस्त्यासाठीच होता, असे गावकऱ्यांचे म्हणणे. कोण किती चुकले यावर तेव्हा पुरेसे बोलून झाले. लक्षात राहावे ते वेगळेच: गावाला रस्ता हवा होता, परवानगीचा सरळ मार्ग कोणी धरला नव्हता, आणि अडचण येताच जो क्रमांक फिरवला गेला तो तहसील कार्यालयाचा नव्हता. आपल्याकडे खनिजातले नेतृत्व म्हणजे वेळेला कामी येणारा फोन, अशी समजूत रुजली आहे.

परवानगी असली म्हणजे सगळे झाले, ही समजूतही तितकीच घातक. मे 2020 मध्ये रिओ टिंटो या बलाढ्य कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकान घळीतली, 46 हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेली शैलाश्रये सुरुंगाने उडवली. सरकारी परवानगी कंपनीच्या हातात होती. ज्या आदिवासी समूहांची ती जागा होती त्यांनी हाक दिली तेव्हा दारू भरून झाली होती. संचालक मंडळाने आधी बड्या अधिकाऱ्यांचे बोनस कापून प्रकरण मिटवू पाहिले. मोठे गुंतवणूकदार हटून बसले, तेव्हा सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जाँ-सेबास्तियाँ जॅक यांच्यासह तिघांना पद सोडावे लागणार हे जाहीर झाले.

आपल्या खदानवाल्याला असा भागधारक नाही. त्याच्यावर दाब आणू शकेल असा एकच घटक आहे, तो म्हणजे त्याचे गिऱ्हाईक. आणि या जिल्ह्यातले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, ठेकेदारामार्फत का होईना, सरकारच आहे: राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा. आज हे गिऱ्हाईक खडीची प्रत तपासते, कुठून आणली ते विचारत नाही. ठेकेदाराने रॉयल्टीच्या पावत्या दिल्या नाहीत तर अनेकदा तेवढी रक्कम बिलातून कापून घेतली जाते. तिजोरीला पैसा मिळतो, मुरूम कोणाच्या गायरानातून आला हा प्रश्न तिथेच गाडला जातो. ही कपात म्हणजे चोरीला पावती देण्यासारखे आहे.

म्हणून पुढाकार खदानवाल्याकडून मागण्याआधी तो या खात्यांकडून मागायला हवा. निविदेतच अट घालता येते: कोणत्या गटातून माल उचलणार ते आधी जाहीर, गटाची मोजणी आधी आणि नंतर, सुरुंगाची वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि हादऱ्याच्या नोंदी जोडल्याशिवाय बिल नाही. इतर अटी मोडल्या तर पैसे अडतात, तसे याही मोडल्या तर अडावेत. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव आणि नाले खोल करून तिथली माती-मुरूम वापरण्याचा प्रयोग झाला. रस्त्याला माल मिळाला, गावाला पाणीसाठा. दर दुष्काळात टँकर मोजणाऱ्या धाराशिवला हा मार्ग मुद्दाम आडवळणाने टाळण्याचे कारण दिसत नाही. अर्थात प्रत्येक तलावाखाली उपयोगाचा मुरूम असतोच असे नाही, आणि गाळाच्या नावाखाली भलतेच खोदण्याची कला आपल्याकडे चांगली अवगत आहे. तिथेही मोजणी लागेलच.

पैशाचाही मार्ग आहे. 2015 च्या दुरुस्तीने प्रत्येक खनिजबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्या निधीतला किमान 60 टक्के भाग पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्चावा, असे केंद्राच्या तेव्हाच्या योजनेने सांगितले. गौण खनिजांचा वाटाही त्यात येऊ शकतो. हा निधी कोणत्या गावात, कशावर खर्च झाला, याची यादी त्या गावच्या चावडीवर लागली पाहिजे. सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक यांना तो सोपा पडतो, हे जिल्ह्याजिल्ह्यातले दुखणे आहे. खदानीपासून अर्ध्या कोसावरच्या विहिरींची पातळी वर्षातून दोनदा मोजायला आणि हादऱ्याची दोन-चार यंत्रे घ्यायला फार मोठी रक्कम लागणार नाही. पुढच्या मोठ्या कामाच्या खडीची मागणी निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी आठही तालुक्यांतल्या चालू पट्ट्यांची यादी काढावी, प्रत्येक पट्ट्यापुढे व्यवस्थापकाचे नाव आणि फोन लिहावा, आणि त्या माणसाला पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेला हजर राहायला लावावे.