आत्याची रजा, माझी लिस्ट

लंडनला जायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी एक्सेल शीट बनवली. सात दिवस, सव्वीस ठिकाणं. राहायचा खर्च शून्य, कारण हॅरोमध्ये आत्या राहते. गाइडचा खर्चही शून्य. कारण तेच, आत्या आहे ना!

आपल्यापैकी अनेकांची पहिली परदेशवारी अशीच होते. तिथल्या हॉटेलांचे दर रुपयांत मोजले की चक्कर येते. काका, मावशी, कुणीतरी तिथे असतं म्हणून तर आपलं जाणं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या शीटमध्ये एक कॉलम मी ठेवलाच नव्हता.

पहिले चार दिवस आत्या रोज सोबत आली. टॉवर ऑफ लंडन, बकिंगहॅम पॅलेस, ग्रीनिच. मी फोटो काढायचे, ती माझी बॅग धरून उभी. चौथ्या संध्याकाळी परतताना गाडीत बसल्या बसल्या तिला झोप लागली. "दमली वाटतं," मी म्हटलं. आतेभाऊ सहज बोलून गेला, "दमणारच. आणि हे चार दिवस तिच्या गणपतीच्या रजेतून गेलेत."

आत्या वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. ब्रिटनमध्ये आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान 28 दिवस पगारी रजा मिळते आणि सार्वजनिक सुट्ट्याही त्यातच धरता येतात. त्यातले दिवस साठवून ती दरवर्षी सांगलीला आजीकडे येते. यंदा आजीच्या वाट्याचे चार दिवस मी सेल्फीत उडवले होते.

"अगं, आधी सांगायचंस ना!" मी घरी आल्यावर म्हटलं. तर म्हणे, "पहिल्यांदा आलीस तू. एकटीला कसं सोडू?"

माझा मुद्दा इथेच आहे. आपली माणसं कधीच 'नाही' म्हणणार नाहीत. 'त्यांनाही बरं वाटतं' हे खरंच आहे, पण त्याच वाक्याआड आपण आपली सोय लपवतो. म्हणून विचारायचं काम आपलं. तिकीट बुक करण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'तुझी रजा न घेता मी कधी येऊ?'

मग फिरवणार कोण? आपले आपण! पाचव्या दिवशी मी एकटी निघाले. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. पण लंडन एकट्याने फिरायला तसं सोपं आहे. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवलं की झालं. ट्रॅफल्गार स्क्वेअरजवळून 15 नंबरची डबल डेकर पकडून वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळवली की सेंट पॉल कॅथीड्रल खिडकीतूनच दिसतं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी बघायला तिकीट नाही. चॉक फार्म स्टेशनवरून चालत 10, किंग हेन्रीज रोडला गेले. 1921-22 मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. विमानाऐवजी बोटीने येऊन ते इथे शिकले. आणि मला बस पकडायला आत्या हवी होती!

शीटमधली नऊ ठिकाणं राहिलीच. त्याऐवजी रविवारी आत्यासोबत वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजी आणायला गेले. कोथिंबिरीच्या जुडीवरून तिची घासाघीस ऐकली. रात्री भाकऱ्या थापताना ती पहिल्यांदा सांगत होती, इथला पहिला हिवाळा तिने कसा काढला ते. चार दिवस बरोबर फिरूनही हे बोलणं झालं नव्हतं. तेव्हा मी तिला 'पुढचं स्टेशन कोणतं?' एवढंच विचारत होते.

या गणपतीत आत्या आली, पण गौरी जेवल्या आणि दुसऱ्याच दिवशी निघाली. आजी दारात उभी राहून म्हणाली, "यंदा लवकर चाललीस गं."

आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मीच आत निघून गेले.