शेवटच्या नळाचा इन्साफ

रोज्यात भूक जड जात असेल, असे आपल्या बिगर-मुस्लिम मित्रांना वाटते. रोजेदाराला विचारा. तो सांगेल, दुपार टळली की भूक मागे पडते आणि तहान पुढे येते. मगरिबच्या अजानच्या वेळी हातात खजूर असतो, पण लक्ष पाण्याच्या ग्लासाकडे असते. छत्रपती संभाजीनगरात मात्र पाणी हा नुसत्या तहानेचा विषय राहिलेला नाही. ते कोणाला, किती दिवसांआड, किती वेळ आणि केवढ्याला मिळते, हा या शहरातला न्यायाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा प्रश्न आहे. इतर वादांत आवाज लवकर चढतात, म्हणून तो मागे पडतो, एवढेच.

न्यायासाठी आपण बोलताना 'इन्साफ' म्हणतो. हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याच धातूवरून 'निस्फ' म्हणजे अर्धा हा शब्द आला आहे. समोरच्याला त्याचा अर्धा वाटा देणे, हा त्याचा मूळ भाव. कुरआनात न्यायासाठी 'अद्ल' आणि 'किस्त' असे दोन शब्द वारंवार येतात. त्यातला 'किस्त' आपल्या परिचयाचा आहे, कर्जाच्या हप्त्याला आपण तोच शब्द वापरतो. त्याचा अर्थही वाटा, हिस्सा असाच. म्हणजे न्यायाची कल्पना मुळात वाटणीची आहे, आणि वाटणी म्हटली की माप आले.

मराठवाड्याने पाण्याच्या वाटणीसाठी मोठा लढा दिला आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि 1976 मध्ये इंदिरा गांधी यांनी राष्ट्राला अर्पण केलेले जायकवाडी धरण वरच्या भागातून येणाऱ्या पाण्यावर भरते. वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणे झाली आणि खाली नाथसागर अनेक वर्षे रिकामा राहू लागला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्याने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्व धरणांत पाणी सारखे वाटण्याची तरतूद केली. मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये त्याचे सूत्र मांडले. 15 ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हे माप आज खोऱ्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. सप्टेंबर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हे तत्त्व उचलून धरले. आता मांदाडे समितीने ही मर्यादा खाली आणण्याची शिफारस केल्यावर मराठवाड्यातून विरोध होतो आहे, आणि तो रास्त आहे. या सगळ्या भांडणाला सरकारी भाषेत जे नाव आहे ते फार सुंदर आहे: समन्यायी पाणीवाटप.

हे भांडण मदीनेतही झाले होते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे आतेभाऊ हजरत जुबैर (र.) यांची खजुराची बाग पाटाच्या वरच्या अंगाला होती आणि एका अन्सारी शेजाऱ्याची खालच्या अंगाला. तंटा पैगंबरांकडे आला. त्यांनी जुबैर यांना सांगितले, तुझ्या झाडांना पाणी दे आणि मग शेजाऱ्याकडे सोड. यात शेजाऱ्याला सवलतच होती. पण तो रागावला आणि तोंडावर म्हणाला, तो तुमचा आतेभाऊ ना, म्हणून हा निवाडा! पैगंबरांचा चेहरा बदलला. मग त्यांनी नियमाप्रमाणे निकाल दिला: पाणी बागेच्या बांधापर्यंत चढू दे, त्यानंतर सोड. पुढे लोकांनी हे माप घोट्याइतके पाणी असे ठरवले. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे.

यातले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला, वरच्याचा हक्क मान्य आहे, पण त्याला घोट्याची मर्यादा आहे. दुसरा, न्यायाधीशावर पक्षपाताचा आरोप झाला तेव्हा त्याचे उत्तर अधिकाराने दिले गेले नाही, कोणालाही डोळ्यांनी पाहता येईल अशा मापाने दिले गेले. घोटा प्रत्येकाला असतो. तो पाहायला ना आलिम लागतो ना इंजिनिअर.

आता हेच माप आपण पाटावरून नळावर आणू या. गोदावरीत आपण खालच्या टोकाला आहोत, म्हणून समन्यायी वाटप मागतो. पण पैठणहून निघालेले पाणी शहरात शिरले की आपल्यातलेच काही जण वरचे होतात आणि काही खालचे. जलकुंभाजवळचे घर वरचे, गल्लीच्या शेवटचे खालचे. नियमित वसाहत वरची, गुंठेवारी खालची. सातारा-देवळाईसारखा महापालिकेत उशिरा आलेला भाग वर्षानुवर्षे टँकरच्या भरवशावर राहिला. तिथे टँकरपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांत सर्व धर्मांची माणसे आहेत. जायकवाडी शंभर टक्के भरले तरी शहरात चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहून उशिरा पाणी येते. मग या टंचाईचा दोष नाशिकवर टाकता येत नाही.

या अंतर्गत अन्यायाला मापच नाही. अर्ध्या इंची जोडणीला वर्षाला ठरावीक पाणीपट्टी, मग पाणी रोज येवो की आठवड्याने. 2022 मध्ये मोर्चे निघाले तेव्हा ती 4050 रुपयांवरून 2025 वर आणली गेली. दिलासा मिळाला, पण अर्धे कशाच्या अर्धे, हे कोणी सांगितले नाही. किती लिटर दिले आणि किती लिटरचे पैसे घेतले, हा हिशेब घराला कधी मिळालाच नाही. खासगी कंपनीकडे सोपवलेली समांतर जलवाहिनी 2014 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये करार रद्द झाला. पुढे 1680 कोटींची नवी योजना आली, तिचा खर्च 2740 कोटींवर गेला. अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी म्हणजे आत माणूस उभा राहू शकेल एवढी. तिच्यातून भरपूर पाणी येईल. पण पाणी वाढले म्हणून वाटणी आपोआप नीट होत नाही. जास्त पाणी आधी वरच्याच्या टाकीत जाते.

त्यात आपणही आहोत. नळ आला की घरोघरी मोटार सुरू होते आणि शेवटच्या घराची धार करंगळीएवढी होते. ही सवय ना हिंदूंची, ना मुसलमानांची, शहराची आहे. पण रमजानच्या पानावर एवढे विचारायला हवे, की शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून केलेल्या वजूचे काय? बळकावलेल्या पाण्याने वजू करणे गुनाह आहे, याबद्दल फुकहामध्ये दुमत नाही. ती वजू होते की नाही, एवढाच त्यांचा वाद आहे.

मग समाजाला न्यायाकडे न्यायचे कोणी? न्यायालयाने पुष्कळ केले. औरंगाबाद खंडपीठात पाणीयोजनेवर जनहित याचिका चालली, कामावर देखरेखीसाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2016 च्या दुष्काळात मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेशही याच खंडपीठाचा. पण खंडपीठाला जलवाहिनी किती किलोमीटर झाली हे विचारावे लागते, हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे. एप्रिल 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराला निवडलेला नगरसेवक नव्हता. गल्लीतल्या बाईने हंडा घेऊन जायचे कोणाच्या दारी? प्रशासक कार्यक्षम असू शकतो, पण मत मागायला तो परत येत नाही.

ठराव, निकाल आणि पाणी यांच्यात किती अंतर असते हे महाराष्ट्राला महाडने शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव 1924 मध्ये केला. तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले, ओंजळ भरली, आणि पुढे दहा वर्षे दावा लढून 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. कायदा होता, नगरपालिका अनुकूल होती, तरीही ज्यांना पाणी नव्हते त्यांनाच चालत जावे लागले. वाट दाखवणारा त्यांच्यातूनच आला.

उलेमांचे काय, असे वाचक विचारतील. माझ्या मते आलिमांचे, कीर्तनकारांचे, भंतेजींचे काम निकाल देण्याचे नाही. माप लक्षात आणून देण्याचे आहे, आणि ते आधी स्वतःच्या माणसांना लावण्याचे. न्यायासाठी उभे राहा, मग तो तुमच्या, तुमच्या आईवडिलांच्या वा नातेवाइकांच्या विरुद्ध जात असला तरी, हा सूरह निसाचा आदेश प्रसिद्ध आहे. आपल्या वॉर्डाला जास्त पाणी आणतो तो नेता, अशी आपली व्याख्या. आपल्या वॉर्डाचे एक आवर्तन कमी करून शेजारच्या वॉर्डाला देणारा कधी निवडून येईल का, मला शंका आहे. पण पैठणच्या नाथांची आठवण लोक चारशे वर्षे ठेवतात ती रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केल्याच्या कथेसाठी, हेही खरे आहे.

शहर वसवणाऱ्या मलिक अंबरला वाटणीचे शास्त्र ठाऊक होते. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याची नहर खापरी नळांतून, उताराच्या बळावर, मधल्या मनोऱ्यांत हवा आणि दाब मोकळा करत शहरभर पाणी नेत असे. त्या काळी सर्वांना सारखे मिळत होते, असा दावा मी करणार नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की मात्र त्याच तंत्राने चाले आणि तिच्यावर फकीर, मुसाफिर, विद्यार्थी यांच्यासाठी दळण होई.

निवडून आलेल्यांनी आणि प्रशासनाने आता एक काम करावे. प्रत्येक जलकुंभावर, त्या कुंभाच्या सर्वांत शेवटच्या नळाला गेल्या आवर्तनात किती मिनिटे आणि किती लिटर पाणी मिळाले, ते मोठ्या अक्षरांत लिहावे. टँकर कुठून भरला, कुठे रिकामा झाला, तेही. आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीतून, आरतीनंतर मंदिरातून, वंदनेनंतर विहारातून तो फलक वाचून दाखवला जावा. ज्या मशिदींना स्वतःचे बोअर आहे त्यांनी इफ्तारनंतर तासभर एक तोटी रस्त्याच्या बाजूला उघडी ठेवावी, कोणी कोण आहे हे न विचारता.