कॅसलिंग केलंस का?

आपल्याकडे काही प्रश्न उत्तराची वाट न बघताच विचारले जातात. जेवलास का? पोचल्यावर फोन केलास का? आणि बुद्धिबळाच्या क्लासमधला, कॅसलिंग केलंस का? उत्तर 'हो' हेच अपेक्षित. 'नाही' म्हणालात, तर समोरचा अशा नजरेने बघतो, की जणू तुम्ही हेल्मेट न घालता हायवेला लागलात.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं बुद्धिबळ खेळून ज्यांनी सोडून दिलं (म्हणजे आपण बहुतेक सगळेच), त्यांच्यासाठी झटपट रिव्हिजन. कॅसलिंग, म्हणजे मराठी पुस्तकांतलं किल्लेकोट. राजा एका चालीत दोन घरं बाजूला सरकतो आणि कोपऱ्यातला हत्ती त्याला ओलांडून पलीकडे येऊन बसतो. राजा प्याद्यांच्या भिंतीआड, हत्ती कामावर हजर. एकात दोन, फुल पॅकेज डील! त्याआधी मधली प्यादी पुढे काढायची, घोडे-उंट बाहेर आणायचे. ह्या ठरावीक सुरुवातींना ओपनिंग म्हणतात आणि त्यांची नावं थेट मेनूकार्डातून आल्यासारखी वाटतात. इटालियन, सिसिलियन, फ्रेंच, बर्लिन.

आता हे सगळं प्रत्येक डावात करायलाच हवं का? माझ्यापुढे हा प्रश्न आला तो एका फीच्या पावतीमुळे. तिकडे येतेच. पण आधी सांगली.

सांगली माझं आजोळ. बाहेरच्यांना सांगली म्हटलं की हळद, भडंग आणि गणपती आठवतो. बुद्धिबळवाल्यांना भाऊसाहेब पडसलगीकर आठवतात. त्यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या. देशभरातली पोरं ट्रंका-वळकट्या घेऊन ह्या गावात येऊन खेळून गेली. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथलीच. माझा मामा ह्याच वातावरणात वाढला. टायटल वगैरे काही नाही, पण कट्ट्यावर त्याच्याशी पैज लावायला कोणी तयार नसायचं. आणि ह्या मामाने लहानपणी पहिला खेळ शिकला तो त्याच्या आजोबांकडून. तो होता देशी.

देशी बुद्धिबळात कॅसलिंग नव्हतंच! प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरांची उडी नव्हती. राजाला एक सवलत मिळायची. शह बसण्याआधी, सगळ्या डावात फक्त एकदा, तो घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकायचा. बस्स. बाकी संरक्षण ज्याचं त्याने बघायचं. नियम गावागणिक थोडे बदलायचे, त्यावरून भांडणंही व्हायची. पण खेळाची चाल एकूण संथ. पाठांतराला वाव कमी आणि राजाला मैदानात वावरायची सवय जास्त. आजच्या क्लासमधल्या मुलाला तो डाव दाखवला तर तो म्हणेल, 'हे तर चुकीचं खेळतायत.' चुकीचं नव्हे, तो वेगळा खेळ होता आणि आपल्या लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या खेळला.

ह्या देशी खेळावर वाढलेला माणूस विलायती नियमांनी खेळायला लागला तर काय होतं, ह्याचं उत्तर इतिहासात आहे. मीर सुलतान खान. जन्म पंजाबातला, १९०५चा. देशी पद्धतीत तयार झालेला, विलायती नियम मोठेपणी शिकला. १९२९ साली आपले मालक सर उमर हयात खान ह्यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकला. (त्याच साली इकडे सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल उभा राहिला. मामाला दोन्ही तारखा एकत्र सांगायला आवडतात.) नंतर १९३२ आणि १९३३ला पुन्हा तोच चॅम्पियन. ओपनिंगच्या थिअरीत तो कच्चा होता, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. १२-१५ चालींनंतर अनेकदा त्याची पोझिशन अवघडलेली असायची. मग तो खेळायला सुरुवात करायचा.

१९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याच्यासमोर बसला होता होजे राऊल कापाब्लांका. १९२१ ते १९२७ जगज्जेता, ज्याला हरवणं ही त्या काळी बातमी असायची. सुलतान खानकडे पांढरी मोहरी. कापाब्लांकाने आठव्या चालीला शिस्तीत कॅसलिंग केलं. सुलतान खानने केलंच नाही. चौदाव्या चालीला त्याने हत्तीपुढचं प्यादं दोन घरं ढकललं. म्हणजे ज्या भिंतीमागे राजाने जाऊन लपायचं, तीच उघडली. एकोणिसाव्या चालीला शेजारचं प्यादंही सोडलं. मग कापाब्लांकाचे हत्ती आत घुसले, शह दिला. राजा निवांतपणे वजिराच्या पुढच्या घरात जाऊन उभा राहिला. वजीर देऊन त्याने दोन हत्ती घेतले आणि राजाला पटाच्या मध्येच ठेवून हळूहळू, कासवाच्या चिकाटीने, ६५व्या चालीपर्यंत डाव नेला. आणि जिंकला.

हा डाव मी मामाच्या पटावर तीन वेळा मांडून बघितला. मला बुद्धिबळातलं फार कळतं असा दावा नाही. पण एवढं दिसतं, की त्या राजाला भीतीच नाही वाटत. मध्ये उभा राहायची त्याला सवय आहे. माझं मत असं, की ती सवय हेस्टिंग्जला लागलेली नव्हती. ती देशी पटावर लागली होती. फिडेने २०२४मध्ये सुलतान खानला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. तो गेला १९६६ला. असो. आपल्याकडे पेन्शनची फाइलही एवढी रेंगाळत नाही.

'हे जुन्या काळाचं झालं हो' असं कोणी म्हणेल. मग २०००ची लंडनची मॅच घ्या. कास्पारोव्ह विरुद्ध क्रामनिक. क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन डिफेन्स खेळायला सुरुवात केली. त्याच्या मुख्य लाइनमध्ये आठव्या चालीलाच वजीर कापले जातात आणि काळ्या राजाला वजीर मारावा लागतो. म्हणजे कॅसलिंगचा हक्क गेला, कायमचा. आणि हे कुठल्या बंडखोराने नाही, पुस्तकातल्या, नावाजलेल्या ओपनिंगने सांगितलेलं. कास्पारोव्हला त्या अख्ख्या मॅचमध्ये एकही डाव जिंकता आला नाही, त्याचं जगज्जेतेपद गेलं. गंमत म्हणजे ह्याच क्रामनिकने २०१९च्या डिसेंबरमध्ये प्रस्ताव मांडला, की कॅसलिंग खेळातून काढूनच टाकू या. राजे फार सुरक्षित झालेत, सगळे घरून पाठ करून येतात, मजा गेली. २०२१मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडला तो आणि आपला विश्वनाथन आनंद कॅसलिंगशिवायच्या चार डावांची मॅच खेळले. आनंद जिंकला, अडीच-दीडने.

म्हणजे हिंडून फिरून जग आमच्या मामाच्या आजोबांच्या पटाजवळ आलं की!

आता ती पावती. ताई साताऱ्यात असते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, दोन वर्षं बुद्धिबळाच्या क्लासला जातोय. त्याच्याकडे एक जाड वही आहे, त्यात ओपनिंग्ज. प्रत्येकी बारा-बारा चाली, सुवाच्य अक्षरात, पाढ्यांसारख्या पाठ. एका स्पर्धेत समोरच्या मुलीने चौथ्या चालीलाच वहीत नसलेली चाल केली. हा दहा मिनिटं नुसता बघत राहिला. मग 'ते तर करायचंच असतं' म्हणून कॅसलिंग केलं, ते नेमकं तिची प्यादी धावून येत होती त्याच बाजूला. एकविसाव्या चालीला मात. घरी आल्यावर रडला नाही, त्याने फक्त वही ताईपुढे ठेवली आणि म्हणाला, 'मला आता नाही जायचं. माझं पाठांतर कमी पडतं.'

पाठांतर कमी पडतं! अकराव्या वर्षी त्याला वाटायला लागलं होतं, की बुद्धिबळ हा पाठांतराचा विषय आहे आणि आपण त्यात ढ आहोत. पुढच्या टर्मची फी भरायची शेवटची तारीख जवळ आलेली. ताईने मला फोन केला, कारण मी 'पेपरात लिहिते'. (फ्रीलान्सरला लोक पैसे सोडून बाकी सगळं विचारतात.) मी पुण्याहून साताऱ्याला गेले, त्याला घेतलं, कंदी पेढे घेतले आणि आम्ही दोघं एसटीने कराड, पेठनाका करत मामाकडे.

मामाने वही नीट, मान देऊन चाळली. 'चांगलंय,' म्हणाला. मग त्याने तिसऱ्या चालीवर बोट ठेवलं. 'ही का केली?' पोरगा गप्प. 'ही?' गप्प. 'बरं, आपण आज वहीशिवाय खेळू. माझ्या आजोबांच्या नियमांनी.' दुपारभर दोघं देशी खेळले. पहिल्या डावात पोराचा राजा लाज सोडून पटभर पळाला आणि हरला. तिसऱ्या डावात तोच राजा स्वतः प्यादी मारत होता.

मला वाटलं, आता मामा त्याला वही फेकून दे म्हणणार. तसं झालं नाही. संध्याकाळी मामाने दुसरा डाव मांडला. पॅरिस, १८५८, पॉल मॉर्फी. ऑपेरा चालू असताना एक ड्यूक आणि एक काउंट एकत्र मिळून त्याच्याविरुद्ध खेळत होते. बाराव्या चालीला मॉर्फीने वजिराच्या बाजूला, म्हणजे लांबचं कॅसलिंग केलं. 'कशाला केलं?' मामाने विचारलं. 'राजा लपवायला,' पोरगा म्हणाला. 'नीट बघ.' त्याने नीट बघितलं. कॅसलिंगमुळे हत्ती एका झटक्यात थेट मोकळ्या पट्टीवर आला होता, शत्रूच्या अडकलेल्या घोड्यासमोर. त्या ड्यूक-काउंटचा राजा कॅसलिंगशिवाय मध्येच राहिला आणि सतराव्या चालीला मात झाला.

म्हणजे मधलं मैदान उघडं पडणार असेल तर राजाला तिथे ठेवणं हा शुद्ध गाढवपणा. आपल्यासारख्या नवशिक्यांच्या बहुतेक डावांत ते उघडं पडतंच. त्यामुळे दहातल्या आठ वेळा क्लासवाले म्हणतात तेच बरोबर. वजीर कापले गेले असतील, मध्ये प्याद्यांची कोंडी असेल किंवा समोरच्याने तुमच्या कॅसलिंगच्याच बाजूला प्यादी सोडली असतील, तर उरलेल्या दोन वेळा येतात. त्या ओळखायच्या, तर आठ वेळा ते का करतो हे माहीत असावं लागतं. ओपनिंगचंही तेच. इटालियनमध्ये उंट त्या तिरक्या रेषेत का बसतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चौथी चाल वहीबाहेरची आली तर पाचवी स्वतःची सुचते.

साताऱ्याच्या पोराला हे पटवायला मामाने शेवटी साताऱ्याचंच उदाहरण काढलं. १६८९मध्ये छत्रपती राजाराम रायगडावर बसून राहिले नाहीत. वेढा आवळण्याआधी बाहेर पडले, पन्हाळा गाठला, तिथून थेट दक्षिणेत जिंजी. रायगड त्याच वर्षी पडला, पण राज्य पडलं नाही. मोगलांना जिंजी घ्यायला १६९८ उजाडलं, तोवर राजाराम तिथूनही निसटले आणि पुढे साताऱ्याला राजधानी आली. मामाच्या मते हे इतिहासातलं सगळ्यांत लांबचं कॅसलिंग. इतिहासाचे प्राध्यापक ह्यावर काय म्हणतील ते म्हणोत, पोरगा मात्र फुल टू इम्प्रेस.

फी भरली. मामाच्या अटीवर. वहीत प्रत्येक चालीपुढे एक रकाना आखायचा, वर लिहायचं 'का?' आणि तो रिकामा असेल तोवर पुढची लाइन पाठ करायची नाही. क्लासच्या सरांना आधी हे फारसं रुचलं नाही, मग त्यांनीच बाकी दोन मुलांच्या वहीत तो रकाना आखून दिला म्हणे.

गेल्या महिन्यात कराडला एक छोटी स्पर्धा झाली. पाच डावांत अडीच गुण. एका डावात कॅसलिंग सहाव्या चालीला, एकात सतराव्या, एकात केलंच नाही आणि तो डाव मात्र साफ हरला. रात्री ताईचा मेसेज आला, 'मामाला विचार, उंटांचं पण असंच काही असतं का? हा जेवायचं सोडून रकाना भरत बसलाय.'