जुना मालट्रक घेताना भारत स्टेज पाहून घ्या



गळीत हंगाम आटोपला, वाहतुकीची बिले निघाली, की आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या खरेदीचा हंगाम सुरू होतो. ऊस वाहतुकीच्या कराराला गाडी हवी, नव्या ट्रकची किंमत झेपत नाही, म्हणून दोघे-चौघे मिळून ठाण्याकडे निघतात. बाळकुम नाक्यावरून काशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा जो जुना आग्रा रस्ता आहे, त्यावर रात्रंदिवस मालट्रकांची रीघ असते. कोणाची तरी ओळख निघते, दलाल भेटतो, आणि एमएच-०४ नाहीतर एमएच-०५ ची पाटी लावलेली गाडी गावात येऊन उभी राहते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. कागद नीट वाचण्याची वेळ मात्र पुढच्या पासिंगला येते.

गाडी घेणारा काय पाहतो? टायर पाहतो, पाटे पाहतो, इंजिन चालू करून आवाज ऐकतो, आणि साल विचारतो. ते सगळे पाहावेच. पण सालावरून गाडीचा 'भारत स्टेज', म्हणजे धुराच्या मानकाचा टप्पा, कळतोच असे नाही, आणि आमच्या मते आज जुन्या डिझेल गाडीचे पुढचे आयुष्य या टप्प्यावर जास्त अवलंबून आहे.

साल का फसवते ते सांगतो. चौथा टप्पा २०१० साली देशातल्या १३ शहरांत आला. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपले सोलापूरही होते. बाकी मुलखात तेव्हा तिसरा टप्पा चालू होता, आणि तिसऱ्या टप्प्याचे ट्रक पुढे सात वर्षे नोंदले जात राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी आदेश दिला की १ एप्रिलपासून चौथ्या टप्प्याखालची गाडी विकायची नाही आणि नोंदवायचीही नाही. मग विकायच्या राहिलेल्या गाड्या दोन दिवसांत सवलती देऊन काढल्या गेल्या. तेव्हा मार्च २०१७ च्या नोंदीची गाडी कोणी 'तशी नवीच आहे' म्हणून दाखवली, तर दोनदा विचारा. चौथा टप्पा मार्च २०२० अखेर संपला आणि १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा लागू झाला. पाचवा आपल्या देशात आलाच नाही. कोणी 'स्टेज पाच' सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आता या टप्प्यांत फरक किती? मोठ्या ट्रकच्या इंजिनाला तिसऱ्या टप्प्यात दर किलोवॅट-तासामागे ०.१० ग्रॅम काजळीची मुभा होती. चौथ्यात ती ०.०२ वर आली, म्हणजे पाचवा हिस्सा. सहाव्यात ती ०.०१ झाली. नायट्रोजनच्या विषारी वायूंची मर्यादा तिसऱ्यात ५, चौथ्यात साडेतीन आणि सहाव्यात अवघी ०.४ ग्रॅम. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुराची मोठी उडी तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना पडते, आणि न दिसणाऱ्या विषाची चौथ्यावरून सहाव्यावर.

कोणी म्हणेल, आम्हाला काय करायचे आहे शहराच्या हवेशी? आपला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत पोचला की झाले! पण हिशेब मांडून पाहा. हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेले सात महिने गाडीने हप्ता कशावर भरायचा? कांदा घेऊन वाशीला, द्राक्षे-डाळिंब घेऊन दिल्लीला, नाहीतर भिवंडीच्या गोदामाचा माल वाहून. आणि दिल्लीत काय झाले? बाहेरच्या नोंदणीच्या, चौथ्या टप्प्याखालच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून प्रवेश बंद झाला, आणि चौथ्या टप्प्याला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत घातली गेली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या वादातही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये कारवाईपासून संरक्षण ठेवले ते चौथ्या आणि त्यापुढच्या टप्प्याच्या गाड्यांनाच. मुंबई महानगर प्रदेशातून, म्हणजे ठाणे-कल्याण धरून, पेट्रोल-डिझेल गाड्या हटवता येतील का हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. वारे कुठल्या दिशेचे आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

जी गाडी उद्या शहरात शिरू शकणार नाही, ती शहरवाला आज कोणाला विकणार? आपल्यालाच. सातबारा गहाण टाकून शहराने टाकलेला धूर आपण का विकत घ्यावा, हा आमचा सवाल आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की तिसऱ्या टप्प्याचा ट्रक कितीही स्वस्तात मिळाला तरी आता नवे कर्ज काढून घेऊ नये. तिसऱ्या टप्प्याला धुराचा दाखला, म्हणजे पीयूसी, दर सहा महिन्यांनी काढावा लागतो, चौथ्याला वर्षाने. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचे पासिंगही दरवर्षी असते.

मग चौथा घ्यावा की सहावा? येथे सरसकट उत्तर नाही. सहाव्या टप्प्याच्या गाडीत धुराच्या नळकांड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ जोरात चालून धूर चांगला तापावा लागतो. आपले काम कसे? फडातून पंधरा किलोमीटर हळूहळू यायचे आणि यार्डात तासन् तास रांगेत उभे राहायचे. अशाने जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडीचा जोर जातो, आणि गावच्या मेस्त्रीच्या हाताला ते काम नसते. ज्याची गाडी हंगामानंतर लांब पल्ल्याला जाते, विशेषतः दिल्लीच्या बाजूला, त्याने चार पैसे जास्त घालून सहावाच घ्यावा. ज्याचे काम जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आहे, त्याला चांगला राखलेला चौथा पुरे.

चौथ्या टप्प्याच्या बऱ्याच आणि सहाव्याच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलखेरीज युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया असतो. आपल्या घरात युरियाच्या गोण्या पडलेल्या असतात, म्हणून मुद्दाम सांगतो : खताचा निंबोळीयुक्त युरिया पाण्यात विरघळवून त्या टाकीत ओतू नका. सगळी यंत्रणा खराब होते, आणि अनुदानाचे खत असे वापरणे गुन्हाही आहे. 'युरियाची कटकटच बंद करून देतो' म्हणणारे कारागीरही भेटतात. अशी छेडछाड केलेला ट्रक कागदावर चौथा असला तरी नळकांड्यातून तसा राहत नाही. टाकी कोरडी आणि तरी दिवा लागत नाही असे दिसले, तर सौदा सोडून द्यावा.

कागदावरही नुसता विश्वास नको. भंगार म्हणून घेतलेले तिसऱ्या टप्प्याचे शंभरावर ट्रक नागालँडमध्ये चौथ्या टप्प्याचे म्हणून नोंदवल्याचे प्रकरण २०२० मध्ये आंध्रातील अनंतपूरला गाजले. आरसी पुस्तकावर आणि परिवहन खात्याच्या मोबाईल ॲपवर टप्प्याची नोंद असते. ती पाहावी, आणि चासीवर कोरलेला नंबर व इंजिन नंबर स्वतः वाचून ताडून घ्यावेत. परराज्यातून फिरून आलेली गाडी असेल तर हे दुप्पट काळजीने करावे. इसार त्यानंतर द्यावा.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी गोंधळू नये. ट्रॅक्टरला भारत स्टेज लागत नाही, त्याचे 'ट्रेम' मानक निराळे आहे.

एक गोष्ट आपल्या यार्डाची. रांगेतले ट्रक थंडीच्या दिवसांत इंजिन चालू ठेवून उभे असतात, आणि पलीकडेच तोडणी कामगारांच्या कोप्या असतात. त्यांची पोरेबाळे ती काजळी रात्रभर हुंगतात. तेव्हा संचालक मंडळाला आमची सूचना आहे की येत्या वाहतूक करारनाम्यात गाडीच्या टप्प्याचा रकाना घालावा, रांगेत इंजिन बंद ठेवण्याचा नियम करावा, आणि वाहन कर्जाची शिफारस करताना आरसीची प्रत पाहिल्याशिवाय सही होऊ नये. ज्यांच्याकडे तिसऱ्या टप्प्याच्या गाड्या आज आहेत आणि हप्ते चालू आहेत, त्यांचे करार मात्र तोडू नयेत. त्यांनी गाडी घेतली तेव्हा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांचे कर्ज फिटेपर्यंत त्यांना जवळच्या गटाच्या खेपा द्याव्यात.